चिंधी बांधलेला भोपळा

सुताराच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या जरा वर, एक खोक आहे. कशी पडली म्हणून कुणी विचारलं तर तो रंध्याचं नाव सांगतो. रंधा काही उलट बोलत नाही, त्यामुळे खपून जातं. खरं काय ते मला ठाऊक आहे, कारण त्यांच्या परसात आणि माझ्या परसात कमरेएवढी भिंत आहे, आणि मला देवाने डोळे दिलेत.

त्या दिवशी जेवताना तो एवढंच म्हणाला होता, "मीठ कमी आहे." त्याच्या बायकोने हातातलं उलथनं तसंच त्याच्या कपाळात घातलं. रक्त नाकावरून ओठांपर्यंत आलं, तर वर म्हणते, "अहो, आता बघा बरं, खारट लागतंय का."

नवऱ्याला अहोजाहो करत मारणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. अख्खी गल्ली तिला तोफ म्हणायची, अर्थात ती समोर नसताना. त्या दिवसापासून सुताराने जेवणाबद्दल ब्र काढला नाही. पानात पडेल ते खाली मान घालून गिळायचा. तेवढं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा रक्तपात त्याच्या त्या गिळण्यामुळे झाला.

तोफेचा जीव होता तिच्या दुधी भोपळ्यात. सासूने मरताना तिच्या ओंजळीत घातलेलं बी. फिकट हिरवा, लांबट, आणि मानेला असा बाक की शंभर भोपळ्यांत ओळखावा. दरवर्षी वेलावरचा पहिला धडधाकट भोपळा ती बियाण्याला ठेवायची. डोक्याला बांधायच्या हिरव्या ठिपक्याच्या फडक्याची चिंधी फाडून त्याच्या देठाला बांधायची. चिंधी बांधली की त्या भोपळ्याला कुणी हात लावायचा नाही. वेल वाळून भोपळा लाकडासारखा वाजायला लागला की तो फोडायचा, बी राखेत घोळून पत्र्याच्या डब्यात भरायचं, आणि पेरणीला सगळंच्या सगळं संपवायचं. जुनं बी मागे ठेवणं तिला पटायचं नाही. म्हणायची, "नव्यावर भरवसा नसेल त्याने जुनं साठवावं."

आमच्याकडे कुठलाही भोपळा चिरायच्या आधी त्याच्या बुडाची चकती काढून जिभेला लावतात. कडू लागला तर फेकून देतात, कारण कडू भोपळा पोटात गेला तर माणूस आडवा होतो. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तोफ मात्र चाखायची नाही. मी एकदा म्हटलं तर फणकारली, "सासूच्या बियाण्याची परीक्षा घेऊ? तुमच्या बाजारच्या बियाण्याला चाखा तुम्ही."

कुंपणापलीकडे तिचा दीर राहायचा. नदीत जाळं टाकायचा, म्हणून सगळे त्याला मासेवाला म्हणत. त्याची बायको, म्हणजे धाकटी, अंगाने काटकुळी, पण जिभेने मोठ्या जावेला पुरून उरणारी. तिने एकदा बी मागितलं. चार दाणेच मागितले होते.

"सासूबाईंनी बी माझ्या हातात दिलं," तोफ म्हणाली. "तुला द्यायचं असतं तर तेव्हा तुझे हात काय तुटले होते?"

पुढच्या पेरणीला धाकटीने कुंपणाला लागून कडू तुंब्याचे वेल लावले. तुंबा खायचा नसतो. वाळला की हलका आणि टणक होतो, जाळं पाण्यावर तरंगावं म्हणून मासेवाल्याला तो जाळ्याला बांधायला लागायचा. वेल काही कुंपण ओळखत नाही, तो अलीकडे यायचा आणि तोफ विळ्याने त्याचे शेंडे छाटायची. छाटता छाटता एकदा धाकटीच्या शेळीचा कान छाटला. मासेवाल्याने दगड भिरकावला तो सुताराच्या खिडकीतून आत गेला आणि पाण्याचा माठ फुटला. मग तोफेने शेळीचं पिल्लू शेपटीला धरून कुंपणावरून फेकलं. असा त्यांचा शेजार चालला होता. आम्ही मध्ये पडायचं सोडून दिलं होतं, कारण मध्ये पडणाऱ्याचंच डोकं फुटायचं.

या मारामाऱ्यांत एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. दोन्हीकडची पांढरी फुलं संध्याकाळी उमलायची, आणि पाकोळ्या पायाला पराग घेऊन या फुलावरून त्या फुलावर बसायच्या. त्यांना भावकीचं भांडण कुठून माहीत असणार. त्या वर्षी तोफेचे भोपळे नेहमीसारखेच गोड निघाले. चिंधीवाल्या भोपळ्याच्या पोटात काय तयार होत होतं, ते पुढच्या वर्षी कळलं.

पुढच्या वर्षीचा पहिला भोपळा तिने चिंधी बांधून ठेवला. दुसरा तोडला, न चाखता चिरला आणि रांधला. सुतार जेवायला बसला. मी भिंतीशी भांडी घासत होते, मला त्याची पाठ दिसत होती. नेहमीपेक्षा सावकाश जेवत होता, दोनदा पाणी प्यायला, पण ताट स्वच्छ केलं. तोफेचं जेवण व्हायचं होतं. ती ताट उचलून मोरीपर्यंत गेली नसेल तोच त्याला पहिली ओकारी झाली. मग दुसरी. तिसऱ्या ओकारीला रक्त आलं.

मी भिंत ओलांडून गेले. सुतार स्वतःच्या ओकारीत कुशीवर पडला होता, चेहरा राखेसारखा, हातपाय गार. किराणावाल्याचा टेम्पो बोलावला, चौघांनी त्याला उचलून मागे टाकला.

"चढ," मी तोफेला म्हटलं.

"तुम्ही न्या त्यांना," ती म्हणाली. "मला एक काम आहे."

तिचा आवाज चढला नव्हता. त्याचंच मला भय वाटलं. तिने खुंटीचा विळा काढला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी धाकटीची कोंबडी उडून तोफेच्या मागच्या पडवीत शिरली होती आणि धाकटी ती धरायला आली होती. चूल तिथेच, भांडं चुलीवर. तोफेने तिला दारातून बाहेर पडताना पाहिलं होतं.

टेम्पो गेला आणि मी तिच्यामागे पळाले.

धाकटी अंगणात बसून जाळ्याला तुंबे बांधत होती.

"काय घातलंस भांड्यात?" तोफेने विचारलं.

"कुठल्या भांड्यात?"

"माझ्या. ते रक्त ओकतायत."

"जाऊबाई, मी कोंबडी धरायला आले होते. भावजींना काय झालं?"

"कोंबडी धरायला," तोफ म्हणाली आणि विळा खाली आला.

धाकटीने डावा हात वर केला म्हणून मान वाचली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जाळ्यात पडलं. धाकटी नुसती आपल्या हाताकडे बघत राहिली आणि रक्त तुंब्यांवर उडत राहिलं. तोफेने दुसरा घाव घातला तो दाराच्या चौकटीत रुतला. ती विळा उपसत होती तेवढ्यात मी मागून तिचे केस धरले, डोक्याचं फडकं माझ्या हातात आलं, आणि मी तिच्या पोटरीत अशी लाथ घातली की ती गुडघ्यांवर बसली. फडक्याने मी धाकटीचा हात आवळून बांधला. हिरव्या ठिपक्याचं फडकं बघता बघता काळं झालं.

आणि नेमका तेव्हाच मासेवाला नदीवरून आला. खांद्यावर वल्हं होतं. त्याने बायकोचा हात पाहिला, वहिनी पाहिली, विळा पाहिला. वल्ह्याचा पहिला फटका तोफेच्या खांद्यावर बसला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. दुसऱ्या फटक्यात दात पडले. पडलेल्या बाईला तो मारत राहिला आणि ती पडल्या पडल्या उरलेल्या दातांनी त्याच्या पायाला चावली. आम्ही सहा जणांनी मिळून त्याला ओढला तेव्हा त्याच्या पोटरीचा तुकडा तिच्या तोंडात होता. माझ्या डोळ्यांसमोरून ते अजून जात नाही.

संध्याकाळी सुतार, त्याची बायको आणि त्याची भावजय एकाच दवाखान्यात ओळीने तीन खाटांवर होते. गर्दी होती, त्यामुळे डॉक्टरांनी बायका-पुरुष असा विचार केला नाही. हवालदार वही घेऊन आला.

"हात विळ्यावर पडला," धाकटी म्हणाली.

"शिडीवरून पडले," तोफ म्हणाली, दात नसल्यामुळे अर्धवट.

हवालदाराने बाहेर बाकावर बसलेल्या मासेवाल्याची पोटरी बघितली. मासेवाला म्हणाला, "कुत्रं." खोटं बोलायच्या वेळी या घराण्यात कधी फूट पडली नाही.

सुताराला दोन दिवसांनी नीट बोलता यायला लागलं. मी त्याला चमच्याने पाणी पाजत होते. तोफ शेजारच्या खाटेवरून म्हणाली, "अहो, तिने विष घातलं भाजीत. मी तिला सोडली नाही."

"विष कुठलं," सुतार म्हणाला. "भोपळाच कडू होता."

"कडू?"

"पहिल्या घासाला कळलं. जीभ आत ओढली गेली."

"मग सगळी कशाला खाल्लीत? बोलला का नाहीत?"

सुताराने एक बोट उचलून भुवईवरच्या खोकीला लावलं.

तिसऱ्या खाटेवरून धाकटी हसायला लागली. ती इतकी हसली की नर्स धावत आली. मग हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते आम्हाला कळलं नाही. तिची बोटं दोन घास भाजीपायी गेली होती, आणि ते घास तिने रांधलेलेही नव्हते.

घरी आल्यावर तोफ गळ्यात हात अडकवून थेट मांडवाखाली गेली. एकेक भोपळा तोडून बुडाची चकती जिभेला लावायची आणि थुंकायची. शेवटी चिंधीवाल्याला हात घातला. तोही कडू. मग तिने एका हाताने सगळे वेल उपटले, मांडव लाथांनी पाडला, भोपळे दगडावर आपटून फोडले. डब्यात जुना एक दाणा नव्हता. तो ठेवायचा नाही हा तिचाच नियम.

"सासूबाईंचं बी बुडवलं मी," ती चिखलात बसून म्हणाली. "त्यांनी मला एवढं एकच दिलं होतं." तोफेला रडताना मी तेव्हाच पाहिलं, आणि खरं सांगते, मला तिची दया आली. मग धाकटीचा हात आठवला आणि दया तिथेच थांबली.

पुढच्या पेरणीला धाकटीने तुंबे लावले नाहीत. नवऱ्याला म्हणाली, जाळ्याला प्लास्टिकचे डबे बांध. तिच्या अंगणात वेगळेच वेल चढले. आम्हाला वाटलं बाजारचं बी असेल. भोपळे लागले, वाढले, आणि त्यांची मान वाकायला लागली.

गल्लीत सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे मूग गिळून बसले. तोफेने पाहिलं त्या दिवशी ती विळा घेऊन कुंपणातून पलीकडे गेली. मी हातातली बादली टाकून धावले.

धाकटी उंबऱ्यावर बसली होती. उठली नाही. आत मासेवाला जाळं विणत होता, तो उठायला लागला तर तिने मागे न बघता हात दाखवून त्याला बसवलं.

"कुठून आणलंस?" तोफेने विचारलं.

"तुमच्या डब्यातून. मागितलं तर दिलं नाहीत, म्हणून त्याच आठवड्यात चोरलं. तुंब्यांच्या आधीचं आहे."

"मग इतके दिवस लावलं का नाहीस?"

"लावलं असतं तर भोपळ्याची मान बघून तुम्ही ओळखलं असतं. मग माझी मान राहिली असती?"

धाकटीने उजवा हात पुढे केला. "विळा द्या इकडे."

तोफेने विळा दिला. त्या विळ्याने धाकटीने एक भोपळा तोडला, डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी दाबून धरला, बुडाची चकती काढली आणि पात्यावरच ठेवून जावेच्या तोंडापुढे नेली. पातं ओठांना लागत होतं.

"चाखा," ती म्हणाली. "न चाखता न्यायचा नाही."

तोफेने तोंड उघडलं. पुढचे दात नाहीत, त्यामुळे बाजूच्या दाढेने सावकाश चावलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हाच मला कळलं की गोड आहे.

मग तिची नजर वर गेली. मांडवाच्या मध्यावर एक भोपळा सुटा टांगला होता आणि त्याच्या देठाला हिरव्या ठिपक्याची चिंधी होती. धुऊन धुऊन ठिपके विटले होते, पण मधला तपकिरी डाग गेला नव्हता. दवाखान्यात फेकून द्यायचं ते फडकं धाकटीने जपून ठेवलं होतं. तोफेने हात वर केला आणि न लावताच खाली घेतला.

"वाळला की अर्धं बी तुमचं," धाकटी म्हणाली.

"सासूबाईंनी बी माझ्या हातात..." तोफेने सवयीने सुरुवात केली. समोर तीन बोटांचा हात होता. ती भोपळा घेऊन परत आली.

त्या दुपारी मी भिंतीशी मुद्दाम भांडी घासत बसले. तोफेने भाजी रांधली, आधी स्वतःच्या तोंडात घास टाकला, मग सुताराला वाढलं आणि उलथनं हातात धरून त्याच्यासमोर उभी राहिली.

"अहो, कशी झालीय?"

सुताराने एक घास खाल्ला. उलथन्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. दुसरा घास खाल्ला. त्याचा हात आपसूक कपाळाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

मी तांब्या घासायची थांबले. तोफेच्या हाताच्या शिरा ताणलेल्या मला भिंतीवरून दिसत होत्या. तिने उलथनं चुलीजवळ ठेवलं, आणि मिठाचा डबा त्याच्या ताटाशी सरकवून खाली बसली.