घोंगडीतला बर्फ

एस.टी.च्या खिडकीतून हात बाहेर काढून धुळाने बर्फाची पिशवी वाऱ्याला धरली. वाऱ्यावर बर्फ टिकेल, असा त्याचा अंदाज. पण वारा चुलीपुढचा असावा तसा येत होता आणि गाडी जागची हलत नव्हती. जोडून सुट्टी आली म्हणून अख्खं पुणं ताम्हिणीकडे सुटलं होतं आणि पौडहून निघालेली एस.टी. त्या गाड्यांत अडकून पडली होती. पिशवीतून पाणी ठिबकत होतं.

पिशव्या दोन होत्या. दोन्हींत बर्फ आणि बर्फात मेंढरांच्या लशीच्या बाटल्या. पौडच्या जनावरांच्या दवाखान्यात थंड पेटी एकच; ती घेऊन डॉक्टरीणबाई आधी दुसऱ्या वाडीवर गेल्या होत्या आणि तिकडूनच चारच्या सुमाराला धुळाच्या वस्तीवर येणार होत्या. बर्फ शिल्लक असेल तरच टोचीन, वितळला तर ते औषध नाही, पाणी, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. पुढची लस महिन्याने येणार. गेल्या सालच्या साथीत धुळाची एकोणीस मेंढरं गेली होती आणि तेव्हापासून एखादं मेंढरू नुसतं खोकलं तरी तो रात्रीचा उठून कळपात जात असे.

शेजारी त्याची मुलगी वैभवी बसली होती. पौडला अकरावी सायन्सला होती. बराच वेळ त्या ठिबकणाऱ्या पिशवीकडे बघून ती म्हणाली,

“आबा, खांद्यावरची घोंगडी द्या. तिच्यात गुंडाळू.”

पिशवी तव्यावर ठेवू म्हणाली असती, तरी धुळाने तिच्याकडे वेगळं पाहिलं नसतं. उपजल्या कोकराला ऊब देते ती घोंगडी. ताम्हिणीच्या पावसात माणसाला जगवते ती घोंगडी. आणि ज्याच्या चार पिढ्या तिच्याखाली निजल्या, त्याला ही पोर तिच्यात बर्फ गुंडाळायला सांगत होती. फार शिकलं की डोकं फिरतं, असं भावकीतलं कुणीतरी म्हणालंच होतं.

वैभवीने मग सगळं सांगून टाकलं. फिजिक्सच्या मेधाबाई तास संपताना एक कोडं घालतात. बर्फाचे दोन सारखे तुकडे, एक उघडा, एक घोंगडीत. आधी कुठला वितळेल? धनगराची पोर म्हणून हिने सगळ्यांच्या आधी हात वर केला आणि ठणकावून सांगितलं, घोंगडीतला. वर्गाने तिचीच री ओढली. बाई म्हणाल्या, चूक.

“घोंगडी ऊब देत न्हाई, आबा. आतली भाईर जाऊ देत न्हाई आन भाईरची आत येऊ देत न्हाई. एवढंच करती.”

“तू बघितलंस?”

“न्हाई. घरी करून बघा म्हणल्या बाई. आपल्याकडं बर्फ कुटनं आणू?”

पोर खरं बोलली, आणि तेच धुळाला जड गेलं. थाप मारली असती तर त्याने तिला उडवून लावलं असतं.

“मग कोकराला ऊब कशी येती?”

“ती त्याच्या अंगातलीच असती. म्हणून तर गेल्या साली आईनं गुंडाळलेलं जगलं न्हाई. ते आधीच गार पडलं हुतं.”

धुळा खिडकीबाहेर बघू लागला. त्या कोकरावरून तो बायकोला, सुंदराला, चार माणसांत नको नको ते बोलला होता. घोंगडी सैल गुंडाळलीस, तुझ्या हयगयीने गेलं. तेव्हापासून सुंदरा त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती, आणि चूक तिचीच म्हणून तोही ताठ राहिला होता.

गाड्या काही हलेनात. अखेर त्याने मधला मार्ग काढला. एक पिशवी आणि घोंगडी वैभवीच्या हवाली केली, दुसरी पिशवी आपल्या हातात ठेवली.

अर्ध्या तासाने त्याच्या पिशवीत सुपारीएवढे चार खडे उरले होते. त्याने वैभवीच्या मांडीवरच्या घोंगडीत हात घातला. आत भलं टणक ढेकूळ हाताला लागलं. मुकाट्याने त्याने आपल्या बाटल्या त्या बर्फात सरकवल्या आणि वरून घोंगडी घट्ट आवळली. वैभवी पुढच्या गाड्या मोजू लागली. तेवढं शहाणपण तिच्यात होतं.

वस्तीवर पोचायला साडेचार वाजले. डॉक्टरीणबाई येऊन बसल्या होत्या. त्यांनी घोंगडी उलगडली, बर्फ चाचपला आणि सिरिंज बाहेर काढली. ही युक्ती कुणाची, असं त्यांनी विचारलं, तेव्हा आमच्यात पहिल्यापासनं असंच करत्यात, असं धुळाने ठोकून दिलं. वैभवी हसू दाबत मेंढरं धरायला गेली.

सगळा कळप टोचून झाला. चहा घेऊन डॉक्टरीणबाई गेल्या. सुंदरा दमट झालेली घोंगडी दोरीवर टाकत होती, तिथे जाऊन धुळा उभा राहिला. त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की काय बोलतात ते त्याला माहीत नव्हतं.

“गेल्या सालचं ते कोकरू,” तो म्हणाला, “आधीच गार पडलं हुतं.”

सुंदराने घोंगडीची कड ओढून सरळ केली.

“व्हय,” ती म्हणाली. “मी तवाच म्हणलं हुतं.”