लवंग टोचलेल्या फोडी

कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत जयवंताच्या मुरांब्याला तोड नव्हती. कैरीची फोड वाफवली की तिच्यात अख्खी लवंग टोचायची, मगच पाकात सोडायची, ही तिच्या आईची रीत. दर उन्हाळ्यात शेजारच्या यमुताईंकडे एक बरणी जाई. त्यांची लेक नीला ती चाटूनपुसून संपवी. यमुताई मात्र जयवंताकडे आल्या आणि भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे नजर गेली, की त्यांना हटकून उपास आठवे. मुरांबा उपासाला चालतो, पण जयवंताच्या हातचा यमुताईंच्या उपासाला कधी चालला नाही. जयवंताला हे कळत नव्हतं थोडंच! शेजारधर्म म्हणून ती अपमान गिळून पुढच्या वर्षीही बरणी भरून देई.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात नीलाला बघायला सीताबर्डीहून पाहुणे आले. यमुताईंनी जयवंताकडून काचेच्या वाट्या मागवल्या. ती घेऊन गेली तर म्हणाल्या, "मागच्या दारातच थांब हो." मुरांब्यानं भरलेल्या वाट्या जयवंताच्या डोळ्यांदेखत बैठकीत गेल्या. प्रत्येक फोडीत लवंग!

"सगळं आमच्या नीलानं केलंय," यमुताई आत मिरवत होत्या.

जयवंताच्या अंगाची लाही लाही झाली. आपल्या हातानं विटाळ होतो, आणि त्याच हातचं मिरवायला चालतं? चोर तो चोर, वर शिरजोर!

"फोडी इतक्या मऊ, तरी मोडल्या कशा नाहीत गं?" मुलाच्या आईनं विचारलं. नीलानं जन्मात कैरी चिरली नव्हती. ती रडवेली झाली. ते पाहून जयवंता तडक बैठकीत शिरली.

"मले विचारा न बाई. मी शेजारीण, जयवंता. माह्याच घरी, माह्याच शेगडीवर झाला हा मुरांबा."

यमुताईंचा चेहरा पांढराफटक पडला. सगळं ओकून टाकावं असं जयवंताच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नीला खाली मान घालून बसली होती, आणि त्या पोरीचा काय दोष?

"पोरगी माह्यापाशी शिकून राहिली," ती म्हणाली. मग तिनं यमुताईंची न शिवलेली वाटी उचलली आणि त्यांच्या नाकासमोर धरली. "पोरीचं एवढं कौतुक सांगता, अन् वाटी तशीच काहून, यमुताई? उपास तं नाही न आज? आत्ताच तं पोहे खाल्ले तुम्ही."

पाहुणे हसत बघत होते. यमुताईंनी फोड तोंडात घातली.

"लवंगबी चावा," जयवंता म्हणाली. "तिच्यातच खरी चव हाये."

आणि घास गळ्याखाली उतरेपर्यंत ती समोरून हलली नाही.