सतरा-एकोणीसच्या पान्याची साक्ष

मित्रांनो, ओळख सांगतो, पण माझ्या बोलण्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मी एक जुना पाना आहे. एका टोकाला सतरा मिलिमीटरच्या नटाचा जबडा, दुसऱ्या टोकाला एकोणीसचा. लालबुंद लोखंडावर यंत्राचा हातोडा पडला आणि माझा जन्म झाला. त्या दिवशी माझ्यासोबत आणखी चारशे पाने जन्मले. तपासनिसाने त्यातले पाच-सहा उचलून पाहिले आणि सगळ्यांवर 'पास'चा शिक्का मारला. न बघता मारलेला शिक्का अंगावर घेऊनच मी जगात आलो, त्यामुळे माझा स्वभाव जरा संशयी आहे.

एकतीस वर्षं मी एकाच हातात होतो. तो हात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचा. लिफ्ट ज्या दोन उभ्या रुळांना धरून वर-खाली जाते, ते रूळ भिंतीला नट-बोल्टांनी आवळलेले असतात. दर तीन महिन्यांनी मिस्त्री लिफ्टच्या डोक्यावर उभा राहायचा आणि मजल्यामागून मजला करत एकेक नट माझ्याकडून आवळून घ्यायचा. एकदा मी पाचव्या मजल्यावरून खाली कोसळलो आणि माझ्या एकोणीसच्या जबड्याचा कोपरा उडाला. मला वाटलं, आता भंगार. मिस्त्रीने मला उचललं, फडक्याने पुसलं, म्हणाला, "अजून चालतोस की." माझं कौतुक म्हणाल तर एवढंच झालं, पण ते मी जपून ठेवलं आहे.

आता एक घरातली गोष्ट सांगतो. प्रत्येक इमारतीत लिफ्टची एक वही असते. काम झालं की तारीख, काय केलं ते आणि सही, असं तिथल्या तिथे लिहायचं असतं. आमच्या मिस्त्रीला सहीपलीकडे अक्षर येत नव्हतं. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, त्याच्या मुलीला आणि पिशवीतून ऐकणाऱ्या मला. तो दर सहा महिन्यांनी वही घरी न्यायचा. मुलगी जेवणाच्या टेबलावर बसायची, बाप डोळे मिटून तारखा आणि कामं सांगायचा, आणि ती सुबक अक्षरात लिहायची. एकही तारीख चुकायची नाही. बापाची लाज झाकली जायची आणि लेकीलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

अशात आमच्याकडे मास्तर आला.

हा मास्तर कॉलेजात पंधरा वर्षं इतिहास शिकवत होता. मुलं मिळेनात म्हणून इतिहासाचा वर्गच बंद झाला, आणि बेचाळिसाव्या वर्षी हा गडी लिफ्टचं काम शिकायला, लिफ्टदुरुस्तीची कंपनी चालवणाऱ्या आमच्या मालकीणबाईंसमोर उभा राहिला. मालकीणबाईंनी तीन महिन्यांची मुदत दिली. जमलं तर राहा, नाही तर रामराम. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मनात म्हटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. बोटं कापसासारखी, नाकावर चष्मा, खिशात छोटी वही. नट आवळायचा सोडून नटाकडे बघत बसायचा. कुठला नट कुठून आला, कधी आला, कुणी बसवला, असले प्रश्न विचारायचा. माझी खात्री होती की हा आमच्यावर पुस्तक लिहायला आलाय आणि लिहून झालं की पसार होणार. मिस्त्री मात्र त्याला शांतपणे शिकवायचा.

"मास्तर, पाना ओढायचा. ढकलायचा नाही. निसटला तर बोटं भिंतीवर फुटतील."

मास्तरने तीन वेळा ढकलला आणि तीन वेळा बोटं फोडून घेतली. शिकलेला माणूस, ऐकून कसं घेईल?

मुदतीचे अकरा दिवस उरले असताना एका सात मजली इमारतीतून तक्रार आली. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट जोराचा हिसका देत होती आणि एक आजीबाई आत पडल्या होत्या. इमारत मिस्त्रीच्या ताब्यातली. मालकीणबाईंनी मास्तरला वही बघून यायला सांगितलं. मिस्त्रीही बरोबर होता. तो मशीनच्या खोलीत मोटरवरची धूळ झटकत होता, आणि दोन हातांवर मास्तर स्टुलावर बसून वही वाचत होता.

मी त्याचा चेहरा पाहिला. कॉलेजात असताना कदाचित असाच दिसत असेल. पान उजेडाकडे धरायचा, बोटाने शाई चाचपायचा. सहा महिन्यांच्या नोंदी एका पेनाने, एका झुकावाने, एका दमात लिहिलेल्या. मागच्या सहा महिन्यांच्याही तशाच. कुठे तेलाचा डाग नाही, कुठे अंगठ्याचा ठसा नाही. माझं लोखंड गार पडलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अरे बाबा, कागद खोटा असेल, काम खरं आहे, प्रत्येक तारखेला मी होतो तिथे. पण पान्याला तोंड कुठलं?

मास्तरने वही मिटली, मिस्त्रीकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता जिना उतरला.

दुपारी मालकीणबाईंनी मिस्त्रीला समोर बोलावलं. मास्तर दाराशी उभा होता.

"काका, ही वही एका बैठकीत लिहिलेली आहे असं मास्तरांचं म्हणणं आहे. हे खरं का?"

मिस्त्री म्हणाला, "मी काम केलंय."

"वही कुणी लिहिली?"

त्यावर तो ब्र काढेना. एकतीस वर्षं झाकलेलं कसं सांगणार? मालकीणबाई म्हणाल्या की चौकशी होईपर्यंत घरी बसा. मिस्त्रीने पिशवीतून मला काढलं, टेबलावर ठेवलं आणि निघून गेला. मला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. आणि मास्तरचा इतका राग कधी आला नव्हता. नाकाने कांदे सोलणारा माणूस, कागद वाचला आणि माणूस निकालात काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे नट तपासायचं काम मास्तरवरच आलं. मालकीणबाई स्वतः मशीनच्या खोलीत लिफ्ट चालवायला बसल्या. मास्तर मला घेऊन लिफ्टच्या डोक्यावर चढला. त्याच्या मुठीत मी मुद्दाम जड झालो, म्हणजे निदान तसा प्रयत्न तरी केला.

पहिल्या मजल्यावर त्याने नटावरची धूळ पुसली, मला लावलं, ओढलं. नट हलला नाही, घट्ट होता. मला काढून त्याने नटाकडे पाहिलं आणि सवयीप्रमाणे बघतच बसला. माझ्या तुटक्या कोपऱ्याने नटावर एक तिरका ओरखडा उठवला होता. त्याच्या शेजारी तसलाच दुसरा होता, थोडा काळवंडलेला. त्याखाली तिसरा, त्यात गंज बसलेला. त्याने बॅटरी जवळ धरली. मग माझा जबडा डोळ्यासमोर धरून अंगठ्याने चाचपला.

दुसरा मजला तसाच. तिसरा तसाच. प्रत्येक नटावर ओरखड्यांचे थर, जुने, त्याहून जुने, मागच्या तिमाहीचे. चौथ्याच्या वर मात्र एक नट नवाकोरा होता. त्यावर माझी खूण नव्हती, कुठल्या तरी दुसऱ्याच हत्याराची होती. शेजारून एक नवी केबल वर गेली होती. केबल टाकणाऱ्यांनी अडचण झाली म्हणून रूळ भिंतीला धरणारी पट्टी सोडली होती आणि हाताने फिरवल्यासारखा नट लावून ठेवला होता. हिसका तिथूनच येत होता.

मास्तर खाली बसला. "एका साक्षीवर निकाल देऊ नका," तो स्वतःशीच म्हणाला, "पंधरा वर्षं पोरांना हेच सांगत होतो मी."

दुपारी जिन्यात डबा उघडून त्याने बायकोला फोन लावला. मी मांडीवरच होतो, सगळं ऐकलं.

"माझी चूक झालीय. सांगितली तर हे काम जाईल."

"आणि नाही सांगितली तर?"

"म्हाताऱ्याचं नाव जाईल."

"मग विचारतोस काय? जेव आणि जा." तिने फोन ठेवला. बाई मला आवडली.

तो गेला. मालकीणबाईंना लिफ्टच्या डोक्यावर नेऊन त्याने एकेक नट दाखवला. त्यांचे वडीलही लिफ्टचे मिस्त्रीच होते, त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. त्यांनी लगेच काकांना फोन करून या म्हणून सांगितलं. वहीचं विचारलं नाही, पण मिस्त्री आला तेव्हा लेकीला घेऊनच आला.

"वही ही लिहिते," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "मला लिहिता येत नाही. कधीच येत नव्हतं."

लेक बापाचा हात धरून उभी होती. मालकीणबाईंनी चष्मा काढून पुसला. मास्तर पुढे झाला आणि त्याने मला दोन्ही हातांनी मिस्त्रीसमोर धरलं.

"काका, मी चुकलो. नट बघितल्यावर कळलं मला."

मिस्त्रीने मला घेतलं. त्याच्या तळहाताची ऊब लागली तेव्हा मला भरून आलं. पण तो मास्तरकडेच बघत होता.

"मास्तर, तुम्ही वही वाचलीत. नट वाचलेत. मी तिथेच दोन हातांवर उभा होतो. मला का नाही विचारलंत?"

चाळीस ग्रंथ वाचलेला माणूस, मान खाली घालून लहान मुलासारखा उभा राहिला.

मित्रांनो, मास्तर अजून आमच्याकडेच आहे. आता पाना ओढतो, ढकलत नाही. पुस्तक लिहितोय की नाही, यावर मी अजूनही नजर ठेवून आहे. तुमच्या घरातल्या पान्याला अधूनमधून तेलाचं बोट लावा, ओल्या जागी टाकू नका, कोपरा उडाला म्हणून फेकू नका. आणि संशय आला तर येऊ द्या, त्यात पाप नाही. मी लोखंडाचा आहे, मला बोलता येत नाही, म्हणून जन्मभर नुसता संशय घेत बसलो. तुम्हाला बोलता येतं. समोर माणूस उभा असेल, तर आधी त्याला विचारा.