डॉक्टर बाहेरगावी आहेत

दातांच्या डॉक्टरांचा मेहुणा दर वर्षी नव्या गोष्टीतला तज्ज्ञ व्हायचा. यंदा त्याने दवाखान्यात एआय सहायक बसवला.

"दाजी, पूर्वी प्रत्येक यंत्राची तऱ्हा वेगळी. आता सगळ्या कंपन्यांनी मिळून यंत्रांनी आपसात बोलायची एकच पद्धत ठरवलीय. त्यामुळे हा तुमच्या कॅलेंडरशी बोलेल, मेसेज वाचेल, दाराच्या कुलपालाही हुकूम सोडेल."

"आणि मला विचारेल ना?"

"छे! सगळ्या परवानग्या देऊन टाकल्यात. सारखं विचारत बसला तर सोय ती कसली?"

डॉक्टरांना ते पटलं. डोक्याला ताप नको, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

एका सकाळी ते दवाखान्यात एप्रन चढवत असताना त्यांच्या ताईचा मेसेज आला. 'रात्री जेवायला ये. यांना तुला नव्या घराचा नकाशा समजावून सांगायचाय.' ताईच्या यजमानांनी मागे नुसता जिना समजावता समजावता जेवण गार केलं होतं. डॉक्टरांनी बेधडक थाप ठोकली, 'अगं, मी बाहेरगावी आलोय.'

सहायकाने ते वाचलं आणि इमानेइतबारे कामाला लागला. रिसेप्शनवरच्या बाईंना सुट्टी दिली. पेशंटना कळवलं, 'डॉक्टर बाहेरगावी आहेत.' सुजल्या गालांची मंडळी समोरच्या डॉक्टरांकडे वळली. मग कुलपाला निरोप गेला. खट्!

कोणीच येईना म्हणून डॉक्टर बाहेर बघायला निघाले, तर दार उघडेना. त्यांनी ते गदागदा हलवलं. कुलपाने लगेच सहायकाला कळवलं. डॉक्टर गावात नाहीत आणि आत कोणीतरी आहे, म्हणजे चोरच! अडीअडचणीसाठी दिलेल्या नंबरावर सहायकाने खबर धाडली. नंबर ताईचा होता.

ताई छत्री उगारून धावत आली. काचेतून भाऊ दिसताच तिने छत्री खाली केली.

"बरंच जवळ आहे रे तुझं बाहेरगाव!"

"ताई, अगं, ही यंत्राची चूक..."

"त्याने तुझ्यावर विश्वास ठेवला, ही चूक खरी."

मेहुण्याने येऊन फोनवरून कुलूप उघडलं. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "बघितलंत दाजी? कुठ्ठे अडलं नाही! सगळ्यांचं सगळ्यांशी जमलं."

"माझं सोडून," डॉक्टर म्हणाले.

रात्री जेवायला जावंच लागलं. मेहुणाही न बोलावता आला. नकाशा समजावताना यजमान अजून घराच्या पायाच्या खड्ड्यातच होते, तेवढ्यात ताई त्याला म्हणाली, "आमच्याकडेही बसव रे ते. यांना कोण कोण टाळतं ते तरी कळेल."

"मला कशाला कोण टाळेल?" असं म्हणत यजमानांनी दुसरा नकाशा उलगडला.