निरंक

लसकेंद्रातून रोज संध्याकाळी वर एक कागद जायचा. लस घेतल्यावर कुणाला काय त्रास झाला, हे लिहायला त्यात रकाना होता, आणि पहिल्या दिवसापासून त्या रकान्यात एकच शब्द ठाण मांडून बसला होता: निरंक. दंड धरून घरी गेलेल्यांतले कितीतरी रात्री तापाने फणफणत, कागदावर मात्र सगळे ठणठणीत. सिस्टरला त्या शब्दाची चीड यायची, पण सही तीच करायची. केंद्राचे साहेब म्हणत, लोक घाबरतील.

मंगळवारी एक नळवाला उपाशीपोटी आला, सुई बघूनच पांढराफटक पडला आणि लस घेतल्यावर खुर्चीवरून घसरला. सिस्टरने त्याला आडवं केलं, पाय उंच धरले. अर्ध्या तासात गडी उठला आणि हत्यारांची पिशवी घेऊन परगावच्या कामावर निघून गेला. फाटकावर कुणीतरी विचारलं, "तो पडलेला नळवाला कुठाय?" वॉचमन म्हणाला, "गेला." झालं. संध्याकाळपर्यंत वस्तीने त्याला मारून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरच्या आईची पाळी होती. आईची छाती आधीच अधू. ज्या साथीची ही लस होती, तो आजार तिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

"मी नाही येत," आई म्हणाली.

"अगं, जिवंत आहे तो. नुसती चक्कर आली होती."

"तसं लिहिलंय कागदात?"

"नाही."

"मग काय लिहिलंत?"

"काही झालं नाही म्हणून."

"माणूस पडलेला सगळ्यांनी बघितला आणि तुम्ही लिहिता काही झालं नाही. बरं, तुला काय झालं होतं लस घेऊन?"

"दोन दिवस ताप होता," सिस्टर हळूच म्हणाली.

"तेव्हा फोनवर तर म्हणालीस, ड्युटी आहे म्हणून येत नाही. पोटची पोर खोटं बोलते, मग मी विश्वास ठेवू कुणावर?"

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईवर नाही, स्वतःवर. सकाळी तिने रकाना भरला: ताप, अंगदुखी, चक्कर एक, अर्ध्या तासात बरा. तोच मजकूर मोठ्या अक्षरांत दारावरही लावला.

"हे वर गेलं तर मला उत्तरं द्यावी लागतील," साहेब म्हणाले.

"द्या की. मला घरी द्यावी लागतात."

साहेबांनी दारावरचा कागद स्वतःच्या हाताने फाडला. तिने दुसरा लावला, तोही फाडला. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी नळवाला परगावाहून परतला, आईच्या गळक्या नळाशी बसला आणि आपण कसे पडलो ते हसत हसत सांगून गेला. दुपारी आई रांगेत उभी होती. खोकत.

"आले बाई एकदाची," आई धापा टाकत म्हणाली. "दे आता."

आईचं अंग तापलेलं होतं, आणि तापलेल्या माणसाला लस देता येत नाही. सिस्टरने तिला रांगेतून बाजूला घेतलं, ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटाला लावला. आकडा बघून तिने आधी अॅम्ब्युलन्स बोलावली, आणि मग साहेबांच्या बंद दारावर लाथ घातली.