कोवळ्या हाडाची शर्यत

मी एक म्हातारी शर्यतीची कुत्री आहे, मित्रांनो. नाव हरणी, गाव शिवरे, जात कारवानी. मागचा पाय लोंबतो म्हणून हसू नका. धावायचे तेव्हा भल्याभल्या कुत्र्यांनी माझी फक्त शेपटीच पाहिली.

माझे मालक कुंडलिकराव. जीव लावावा तर त्यांनी, पण अक्कल त्यांना उसनीसुद्धा मिळाली नाही. दूध सुटल्यापासून मला नुसती कलेजी. त्यांच्या आई ठकुबाई बजावायच्या, "आरं, हाडूक दी चघळायला, नाचणीची भाकर दी."

"आये, शर्यतीच्या कुत्रीला भाकर? लोक हसतील!"

लोक हसू नयेत म्हणून माझी हाडं पोकळ राहिली. त्यात, दात नीट बदलले नाहीत तोच मला मोटारसायकलमागं बांधून डांबरी रस्त्यावर पळवलं.

भोंगवलीच्या यात्रेत मी पहिली आले आणि थांबता थांबता पाय कट्टकन मोडला. खड्डा नाही, दगड नाही. भोरच्या डॉक्टर शेफालीताईंनी पायाचा फोटो काढला. म्हणाल्या, "हाड पापडासारखं झालंय. पळण्याचा दणका सोसायला हाड भरावं लागतं. त्याला खुराक लागतो आणि वेळही."

कुंडलिकरावांनी मान डोलावली आणि घरी येऊन सांगितलं, "दृष्ट लागली." दृष्टीनं हाडं मोडली असती, तर गावात एकही सासू उभी दिसली नसती!

पुढं माझी लेक मैना झाली. तिच्या पायात काळा दोरा बांधला की झाला उपाय! कलेजी तीच, डांबर तेच. आठ महिन्यांची झाली नाही तोच यंदाच्या यात्रेला तिचं नाव दिलं.

त्या सकाळी टेम्पो दारात आला. मैना मागचा पाय टेकवत नव्हती. ते दुखणं मला ओळखीचं. मी लंगडत जाऊन चाकापुढं आडवी झाले.

"हरणे, ऊठ! उशीर होतोय!"

उठतेय कशाला? मालकावर जन्मात पहिल्यांदा गुरगुरले. ते काठी शोधू लागले, तशा ठकुबाई बाहेर आल्या. त्यांनी मैनेचा पाय दाबला. पोर केकाटली.

"कुंडल्या, आदी हिच्या आईच्या अंगावरनं टेम्पो घाल, मग जा शर्यतीला."

"आये, लोक काय म्हनतील?"

"म्हनतील, कुंडलिकला अक्कल आली. इश्वास न्हाई बसायचा कुनाचा!"

टेम्पो गेला तो डॉक्टरांकडं. मैनेच्या हाडाला बारीक चीर निघाली; मोडायचंच बाकी होतं. आता ती भाकर खाते आणि पळू दिलं नाही म्हणून माझ्यावर रुसून बसते. रुसू दे. रुसायला पाय तर शाबूत राहिला!

तुम्हीही यात्रेत शिट्ट्या मारायला जाल, मित्रांनो. आधी विचारा, "पिल्लू केवढं आहे?" मालक घुटमळला, तर शिट्टी तोंडातच ठेवा.