गच्ची राहिली

घरातल्या धाकट्याला सगळं मिळतं म्हणतात. मिळतं, पण थोरल्याचं वापरून झाल्यावर. डुलकीला सायकल तशी मिळाली, दप्तर तसं मिळालं, आणि घरचं गाणं तर अर्धंच मिळालं.

डुलकी हे अर्थातच लाडाचं नाव. आता वय अडतीस. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. केसाएवढी चूकही तिच्या नजरेतून सुटत नाही. पण लहानपणी गाडी सुरू झाली की हिचे डोळे मिटायचे, म्हणून नाव पडलं ते कायमचं.

गाणं बाबांचं. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचं गाणं दुसरं कशाचं असणार? बारा मजल्यांची इमारत, दर मजल्यावर एक बिऱ्हाड आणि सगळ्यात वर गच्ची. बाबा गाडी चालवत पहिली ओळ म्हणायचे, आई आणि दादा दुसरी उचलायचे. कडवं संपलं की मागच्या सीटवर मधोमध कोंबलेल्या डुलकीने "टिंग!" करायचं, म्हणजे लिफ्ट वर. एवढंच तिचं काम, पण काय तो तोरा!

सातव्या मजल्याच्या पुढे मात्र तिला काही आठवत नसे. जाग यायची ती घराच्या पायऱ्यांवर, बाबांच्या खांद्याला लाळ लावताना. आणि दादा टपलेलाच असायचा.

"आज गच्चीवर कसली धमाल आली!"

"काय होतं?"

"ते जागं राहणाऱ्यांना कळतं."

तीस वर्षांत दादाने त्या गच्चीवर हत्ती चढवला, तळं खणलं, एकदा चंद्राची आत्या राहायला आणली. डुलकीने सगळं मनात टिपून ठेवलं होतं. साक्षीदाराच्या दोन जबान्या कधी जुळल्या नाहीत.

आज तिला खरं काय ते हवं होतं, आणि तेही बाबांच्या तोंडून. कारण उद्या सकाळी बाबांच्या घशाचं ऑपरेशन होतं. डॉक्टर म्हणाले होते, "आवाज राहील बहुतेक. पण हाच राहील असं नाही." त्यावर बाबा म्हणाले होते, "लिफ्ट बंद पडली तर जिना असतोच."

दवाखान्यात चारपर्यंत दाखल व्हायचं होतं. दोन तासांचा रस्ता. डुलकी गाडी चालवत होती, शेजारी बाबा, मागे आई आणि दादा. हिवाळ्यातलं दुपारचं ऊन मऊ होतं. झाडांच्या सावल्या समोरच्या काचेवर चढत होत्या आणि छपरावरून मागे ओघळून जात होत्या. गाडी पुढे जातेय की रस्ताच मागे वाहतोय, कळत नव्हतं.

"बाबा, लिफ्ट चालू करा."

"अगं, आवाज जपू दे त्यांना," आई म्हणाली.

"कोणासाठी जपू? उद्या तर सोपवायचाच आहे." बाबांनी समोरच्या डॅशबोर्डवर अंगठा दाबला, बटण दाबल्यासारखा, आणि घोगऱ्या आवाजात सुरुवात केली.

*पहिल्या मजल्यावर मावशी जाड,*
*खिडकीत वाढवते चपलांचं झाड…*

"टिंग!" अडतीस वर्षांची बाई म्हणाली.

दुसरा, तिसरा, चौथा. जुनी बिऱ्हाडं जागच्या जागी होती, कोणी घर सोडलं नव्हतं. आईचा सूर अजूनही अर्धा मजला खालीच होता.

*सातव्या मजल्यावर नाही कुणी,*
*पितळी नळातून ठिबकतं पाणी…*

"टिंग!"

आणि गाडीत एकदम शांतता. डुलकीने आरशात पाहिलं. दादा खिडकीबाहेरच्या विजेच्या खांबांत भलताच रमला होता.

"दादा, आठवा."

"अं? हो… आठवा म्हणजे…"

"सांग रे आता," आई म्हणाली. "किती छळशील?"

"आठवा नाहीच," दादा पुटपुटला.

"म्हणजे?"

"तुझी टिंग आली नाही की ह्यांचं बोट वर जायचं," आई म्हणाली. "की आम्ही सगळे गप्प. ह्याला एकदा शिंक आली, तर ह्याने माझ्या शालीत तोंड खुपसलं, लालबुंद झाला."

"किती वेळ गप्प?"

"घर येईपर्यंत. कधी तास, कधी दीड."

इतकी वर्षं डुलकीला वाटत होतं, आपल्या वाट्याला गाणं कमी आलं. गाणं सगळ्यांना सारखंच आलं होतं. पुढची सगळी शांतता मात्र तिच्या एकटीच्या नावावर होती. समोरचा रस्ता जरा धूसर झाला. डोळे पुसून तो पुन्हा नंबरात आणावा लागला.

"मग गच्ची?"

"मी तरी कुठे पाहिलीय?" बाबा म्हणाले.

"आज पाहू. तुम्हीच सांगायची, ह्याच आवाजात. आई, आठवा घे."

आईने क्षणभरही विचार केला नाही. हे कडवं बहुधा लग्नापासून तयार होतं.

*आठव्या मजल्यावर माझी सासू,*
*डब्यात कोंडून ठेवते हसू…*

बाबा खोकेपर्यंत हसले. टिंग! नवव्यावर दादाने डॉक्टर बसवला.

*नवव्या मजल्यावर डॉक्टर बारीक,*
*प्रत्येक भेटीला पुढची तारीख…*

टिंग! दहावा डुलकीचा.

*दहाव्या मजल्यावर चष्म्यांचा ढीग,*
*आंधळ्या ढगांची लागली रीघ…*

टिंग! सावल्या लांब झाल्या होत्या. इमारत आता इतकी उंच गेली होती की खालची मावशी मुंगीएवढी दिसत असावी. बाबांनी सीटवर मान टेकली.

*अकराव्या मजल्यावर मिस्त्री म्हातारा,*
*तेलाच्या बुधल्यात भरतो वारा…*

"टिंग!"

बाराव्याची ओळ आली नाही. डुलकी थांबली, मग हळूच पुन्हा म्हणाली, "टिंग?"

बाबांची हनुवटी छातीवर आली होती. अंगठा गुडघ्यावर तसाच, बटणावर ठेवल्यासारखा. गेले आठ दिवस ते रात्रीचे झोपले नव्हते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

दादा पुढे वाकला. "उठवू का? एकच मजला राहिलाय. मग तुझी गच्ची."

डुलकीने स्टिअरिंगवरून एक बोट वर केलं.

दवाखान्याचं फाटक आलं. घड्याळात चाराला वीस कमी होते. तिने फाटक जाऊ दिलं आणि गाडी तशीच सावकाश पुढच्या वळणावर घेतली, आणखी एक फेरी.

मागे दादाला शिंक आली. ती त्याने आईच्या शालीत दाबली.